पोस्टग्रेसचा सराव करताना सुपरयूजर बाजूला ठेवा

पोस्टग्रेस हा डेटाबेस शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत एकच प्रकार दिसतो: इन्स्टॉल करा, ‘पोस्टग्रेस’ या नावाने आत शिरा आणि पुढचं सगळं तिथूनच करा. सगळं बिनतक्रार चालतं, कारण हे खातं सुपरयूजर असतं आणि सुपरयूजरची परवानगी तपासलीच जात नाही. मग खऱ्या कामात पहिल्यांदा ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि कुणीतरी जाणता सांगतो, ‘ग्रँट ऑल (सगळ्या परवानग्या एकदम) मारून टाक.’ कृपा करून मारू नका. सरावातच परवानग्या शिकून घ्या.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, कीबोर्डवर त्या अर्थातच रोमनमध्ये टाकायच्या.)

१. इन्स्टॉल. आवृत्ती १५ किंवा त्यानंतरची घ्या. बाकी तुम्हाला जमेल.

२. रोल. सुपरयूजरने आत जा आणि तीन रोल, म्हणजे खाती, बनवा: टेबलं बनवणारा ‘मालक’, पावत्या भरणारा ‘ॲप’ आणि फक्त वाचणारा ‘वाचक’. तिघांनाही लॉगिन आणि पासवर्ड द्या. पोस्टग्रेसमध्ये यूजर आणि ग्रुप असे वेगळे प्रकार नाहीत, सगळे रोलच. मग ‘सोसायटी’ नावाचा डेटाबेस ‘मालक’च्या मालकीने तयार करा आणि सुपरयूजरमधून बाहेर पडा. ‘मालक’ म्हणून लॉगिन होत नसेल आणि ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ दिसत असेल, तर होस्ट म्हणून लोकलहोस्ट द्या. पासवर्ड विचारला जाईल. पीजी_एचबीए.कॉन्फ ही (कुणाला कसं लॉगिन करू द्यायचं ते ठरवणारी) फाइल उघडायची वेळ आलीच तर एवढं ध्यानात ठेवा: ती वरून खाली वाचली जाते, पहिली जुळणारी ओळ अंतिम. त्या ओळीवर नकार आला तर खालची ओळ बघितली जात नाही.

३. टेबलं. ‘मालक’ म्हणून ‘हिशेब’ नावाचा स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) बनवा, त्यात सदनिका, सभासद, पावत्या. रकमेला न्युमेरिक (अचूक दशांश), फ्लोट (अंदाजे दशांश) कधीही नाही. आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाला सीरियलऐवजी आयडेंटिटी वापरा. सीरियल असेल तर ‘ॲप’ला त्यामागच्या सीक्वेन्सची (पुढचा क्रमांक पुरवणाऱ्या मोजणीची) परवानगी वेगळी द्यावी लागते. जनरेट_सिरीज या क्रमांकांची रांग देणाऱ्या फंक्शनने लाखभर खोट्या पावत्या भरा. टेबलांची नावं देवनागरीत ठेवायची हौस असेल तर पोस्टग्रेस आडकाठी करत नाही, पण नावाची मर्यादा ६३ बाइट आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर वा मात्रा तीन बाइट खाते.

४. परवानग्या. मला शिकताना सगळ्यात जास्त वेळ इथे लागला, आणि आजही लोक इथेच अंदाजाने आज्ञा फेकत बसतात.

सोसायटीचंच उदाहरण घ्या. फाटकातून आत येणं, इमारतीत शिरणं आणि सदनिकेचं दार उघडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाबेसवर कनेक्ट, स्कीमावर यूसेज, टेबलावर सिलेक्ट: तसंच. ‘ग्रँट ऑल ऑन डेटाबेस’ने मिळतं काय? जोडणी करणं, नवा स्कीमा बनवणं आणि तात्पुरती टेबलं बनवणं. पावत्या वाचायची परवानगी त्यात नाही. तरीही हा उपाय उत्तर म्हणून फिरत असतो.

‘पब्लिक’ स्कीमात आधी कुणीही टेबल बनवू शकत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती १५ पासून ही मोकळीक गेली. आता तिथे डेटाबेसचा मालक बनवू शकतो, इतरांना परवानगी द्यावी लागते. जुने धडे बघून केलं की ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ येतं ते यामुळे. वेगळा ‘हिशेब’ स्कीमा मुद्दाम घ्यायला लावला, कारण तिथे यूसेजही स्वतःच द्यावा लागतो.

चूक काय म्हणते ते नीट वाचा. टेबल वाचताना स्कीमाचं नाव आलं तर यूसेज राहिला आहे, टेबलाचं असेल तर सिलेक्ट. सर्वांत फसवी चूक मात्र ‘रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट’. सर्च_पाथमध्ये (टेबल कुठल्या स्कीमांत शोधायचं त्या यादीत) ‘हिशेब’ आहे पण यूसेज नाही, तर पोस्टग्रेस तो स्कीमा गुपचूप वगळतो, आणि टेबल असूनही नाही म्हणतो. माणसं मग टेबल पुन्हा बनवायला धावतात.

आता खरा सापळा. ‘ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा हिशेब टू वाचक’ ही आज्ञा त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरती असते. उद्या बनवलेलं टेबल ‘वाचक’ला दिसणार नाही. त्यासाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ हवं, आणि त्यात ‘फॉर रोल मालक’ हे तीन शब्द लिहाच. ते गाळून हीच आज्ञा सुपरयूजरने चालवली, तर ती सुपरयूजरने पुढे बनवलेल्या टेबलांनाच लागू होते. ‘मालक’ने बनवलेल्यांना नाही. आज्ञा मात्र निमूट यशस्वी होते, एक अक्षर तक्रार येत नाही.

तपासायला पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या टर्मिनलमधल्या साधनात) ‘\डीपी’. त्यातला आर म्हणजे वाचणं, ए म्हणजे भर घालणं, डब्ल्यू बदलणं, डी पुसणं. पुढच्या टेबलांचे नियम ‘\डीडीपी’त. तेवढ्यावर विसंबू नका. ‘मालक’ने एक नवं टेबल बनवा, मग ‘वाचक’ म्हणून लॉगिन करून ते वाचा आणि त्यातली एक ओळ पुसायचा प्रयत्न करा. वाचता आलं आणि पुसता आलं नाही, तर जमलं. हीच परीक्षा ‘ॲप’ची घ्या.

५. क्वेरी. जॉइन लिहा, एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालली आणि किती वेळ लागला ते दाखवणारी आज्ञा) बघा, पावत्यांमधल्या सभासद-क्रमांकावर इंडेक्स टाका, पुन्हा बघा. फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा दुवा) लावली म्हणून इंडेक्स आपोआप बनत नाही.

६. बॅकअप. पीजी_डंप एका डेटाबेसची टेबलं, डेटा, मालकी आणि ग्रँट सगळं घेतो, पण रोल घेत नाही. रोल त्या डेटाबेसचे नसतात, अख्ख्या सर्व्हरचे असतात. म्हणून सोबत ‘पीजी_डंपऑल’ ‘ग्लोबल्स-ओन्ली’ पर्यायाने चालवा. मग दुसऱ्या, कोऱ्या सर्व्हरवर आधी रोल चढवा, नंतर डेटाबेस. उलट क्रमाने केलंत तर ‘रोल मालक डझ नॉट एक्झिस्ट’च्या ओळींवर ओळी येतील, आणि टेबलं ज्याने रिस्टोर केलं त्याच्या, म्हणजे बहुधा सुपरयूजरच्या, नावावर जातील.