लिशियाच्या किनाऱ्याने सायकलवरून : फेथिये ते अंताल्या

तुर्कस्तानच्या नैऋत्य टोकाला फेथियेपासून अंताल्यापर्यंत डी 400 हा महामार्ग सुमारे 300 किलोमीटर जातो. कधी तो अगदी लाटांच्या काठाने धावतो, तर कधी डोंगर चढून पलीकडच्या खाडीत उतरतो. प्राचीन लिशिया हा प्रदेश तो हाच. येथील 23 शहरांचा एक संघ होता आणि त्यांना आकारानुसार तीन, दोन किंवा एक मत मिळत असे, असे ग्रीक भूगोलकार स्ट्राबो याने लिहून ठेवले आहे. तीन मते असलेली सहा शहरे म्हणजे झान्थोस, पतारा, पिनारा, ऑलिम्पोस, मायरा आणि त्लोस; ही सहाही या रस्त्यावर किंवा त्यापासून थोड्या आडवाटेला आहेत. सराव असलेला सायकलस्वार हे अंतर तीन दिवसांत सहज कापेल, पण मग वाटेतली शहरे केवळ पाट्यांवरच वाचायला मिळतील. म्हणून चालवण्याचे पाच दिवस धरावेत, त्यांत एक-दोन मोकळे दिवस मिळवावेत आणि प्रत्येक दिवसाचे अंतर अवशेष पाहायला किती वेळ लागेल त्यावरून ठरवावे.

प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे करावा, याला दोन कारणे आहेत. तुर्कस्तानात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे या दिशेने जाताना समुद्र सतत आपल्या बाजूला राहतो आणि थांबण्यासाठी, छायाचित्रासाठी किंवा पाण्यात उतरण्यासाठी वाहनांच्या रांगेतून रस्ता ओलांडावा लागत नाही. शिवाय उन्हाळ्याच्या दिवसांत फेथिये ते काश या भागात दुपारनंतर बहुधा पश्चिमेचा वारा सुटतो आणि तो पाठीवर असलेला बरा. विमानतळांची सोयही याच क्रमाला जुळते. दालामानला उतरून फेथियेला यावे आणि परतीचे विमान अंताल्याहून धरावे.

हंगाम एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत किंवा संपूर्ण ऑक्टोबर हाच निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 अंशांच्या वर जातो, सुट्टीवर निघालेल्या मोटारींची गर्दी होते आणि काही ठिकाणी रस्त्यावरचे डांबर इतके मऊ होते की टायरला खडी चिकटू लागते. हिवाळा पावसाचा असतो आणि त्या काळात कातळाखालून जाणाऱ्या रस्त्यावर दगड येऊन पडतात.

सायकल साधी, मजबूत रोड बाईक असावी. येथे डांबराच्या थरावर खडी दाबून बसवलेले रस्ते पुष्कळ आहेत आणि त्यांच्या खरखरीतपणामुळे हाताला सतत बारीक कंप जाणवतो, म्हणून 23 किंवा 25 मिलिमीटरचे टायर घरी ठेवून 28 ते 32 मिलिमीटरचे बसवावेत. चढ लांबलचक आहेत, त्यामुळे पुढच्या चक्रीला 34 दात आणि मागच्या चक्रीला निदान 32 दात एवढा हलका गिअर हवा. सामान लादलेले असेल तर त्याहून हलका. हँडलच्या डाव्या बाजूला छोटा आरसा लावावा, कारण मागून येणारे वाहन डावीकडून पुढे जाणार. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. बोगद्यात शिरल्यावर तो शोधत बसायला वेळ नसतो.

बुटांकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. शर्यतीच्या बुटांचे क्लीट, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या तळव्याच्या पट्ट्या, तळव्याबाहेर आलेले असतात आणि दोन हजार वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या पायऱ्यांवर ते हमखास घसरतात. शिवाय दगडावर ओरखडेही उठतात. क्लीट तळव्याच्या खाचेत बसणारे डोंगरी सायकलचे बूट वापरले, तर तिकीट खिडकीपासून प्रेक्षागृहाच्या वरच्या रांगेपर्यंत निर्धास्त चालता येते. सायकल दाराशी लावण्यास पहारेकऱ्याची परवानगी विचारली की सहसा तो आपल्या खोलीशेजारची जागा दाखवतो. तरीही कुलूप लावावे आणि पैसे व पासपोर्ट अंगावरच ठेवावेत.

पहिल्या दिवशी फेथिये सोडल्यावर रस्ता एशेन नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि सुमारे 60 किलोमीटरवर किनिक हे गाव लागते. पिनारा आणि त्लोस या खोऱ्याच्या दोन बाजूंच्या उंच कडांवर आहेत. दोन्हींकडे जाणारे फाटे दमछाक करणारे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा किंवा त्यांचा नाद सोडावा. झान्थोस मात्र चुकवू नये. किनिकमधूनच एक छोटा खडा चढ तेथे जातो. वर पोहोचताच रोमन प्रेक्षागृहाच्या कडेला उंच दगडी खांबांवर उभी असलेली थडगी समोर येतात; मृतांना इतक्या उंचावर आणि तेही भर वस्तीत ठेवण्याची ही पद्धत लिशियाची स्वतःची. त्यांपैकी हार्पींच्या (पंख असलेल्या स्त्रीरूपांच्या) थडग्यावरील शिल्पपट्टी ही नक्कल आहे, मूळ पट्टी एकोणिसाव्या शतकात लंडनला नेली गेली आणि ती आज ब्रिटिश संग्रहालयात आहे. जवळच, नदीपलीकडे, लेतून हे देवस्थान आहे. दोन्ही स्थळे 1988 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रच दाखल झाली. लेतूनला भूजल वर येऊन देवळांचे चौथरे पाण्यात उभे असतात आणि त्या पाण्यात बेडूक ओरडत असतात. लेटो देवीला पाणी पिऊ न देणाऱ्या गावकऱ्यांना तिने बेडूक करून टाकले, ही कथा ठाऊक असेल तर हसू आवरत नाही.

मुक्काम पताऱ्याशेजारच्या गेलेमिश गावात करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच अवशेषांत शिरावे. लिशियन संघाच्या सभा जेथे भरत ते सभागृह येथे दुरुस्त करून उभे केले आहे. त्याच्या अर्धवर्तुळाकार दगडी बाकांवर बसून त्या तीन-दोन-एक मतांचा हिशेब डोळ्यांपुढे आणता येतो. पलीकडे वाळूच्या टेकड्या आणि लांबच लांब किनारा आहे. समुद्री कासवे तेथे अंडी घालतात, म्हणून हंगामात रात्री किनाऱ्यावर जाण्यास मनाई असते, ती पाळावी.

कालकान ते काश हा सुमारे 25 किलोमीटरचा टप्पा म्हणजे या प्रवासाचे सार. कातळ कापून केलेला अरुंद रस्ता डोंगराच्या प्रत्येक घडीबरोबर आत-बाहेर वळतो, एका बाजूला उभी भिंत, दुसरीकडे कठड्याखाली निळेहिरवे पाणी. येथे कडेला मोकळी पट्टी जवळपास नाहीच. अशा वेळी कठड्याला घासून चालवल्यास मागची मोटार उरलेल्या फटीतून पुढे जाण्याचा मोह धरते. त्याऐवजी कडेपासून मीटरभर आत, स्पष्ट दिसेल असे चालवावे आणि रस्ता सरळ झाला की बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यावी. कापुताशला दरीच्या तोंडाशी छोटासा किनारा आहे, पण रस्त्यालगत उभ्या केलेल्या गाड्यांची दारे तेथे अचानक उघडतात, म्हणून वेग कमी करावा. हा टप्पा सकाळी दहाच्या आत संपवलेला उत्तम. काशमध्ये बाजाराच्या गल्लीतच एक लिशियन दगडी शवपेटी उभी आहे, आणि गावाच्या पश्चिमेच्या लहान प्रेक्षागृहातून समोर ग्रीसचे कास्तेलोरिझो बेट दिसते.

काशहून निघताना दिवसाची सुरुवातच चढाने होते. वळणावळणांनी रस्ता 500 मीटरांच्या वर जातो आणि गाव, बंदर, बेट सगळे पायाखाली येते. पहाटे निघाल्यास चढाचा बराच भाग सावलीत जातो. पाण्याच्या दोन बाटल्या भरलेल्या हव्यात. वरच्या पठारावर गावे आहेत, तेथे चहा, आयरान (ताकासारखे पेय) आणि भाजी किंवा चीज घालून तव्यावर भाजलेले गोझ्लेमे मिळते. शेळ्यामेंढ्यांचे राखणदार कुत्रे अंगावर आले तर पळ काढू नये, खाली उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि सावकाश चालत पुढे जावे. देमरेकडचा उतार मोठा आहे. ब्रेक सतत दाबून ठेवण्याऐवजी वळणाआधी जोराने आणि मग मोकळे, अशा रीतीने वापरावेत.

देमरे म्हणजे प्लॅस्टिकच्या हरितगृहांचा चकाकणारा सपाट समुद्र आणि त्याच्या कडेला मायराच्या कड्यात कोरलेली थडगी. लाकडी घराच्या तुळया आणि चौकटी कातळात जशाच्या तशा उतरवलेल्या आहेत; दुपारनंतर ऊन तिरपे झाले की त्यांच्या कडा उठून दिसतात, म्हणून येथे सकाळची घाई करू नये. गावात संत निकोलसचे चर्च आहे. चौथ्या शतकात तो येथील बिशप होता आणि 1087 मध्ये त्याचे अवशेष इटलीतील बारी येथे नेण्यात आले.

देमरे ते फिनिके हा सुमारे 30 किलोमीटरचा टप्पा पाण्याच्या पातळीवरून जातो आणि पायांना विश्रांती देतो. कुमलुजानंतर पुन्हा पाइनच्या जंगलातला लांब चढ आहे. चिराली आणि ऑलिम्पोसचे फाटे महामार्गावरून थेट समुद्राकडे कोसळतात, आणि उतरलेला प्रत्येक मीटर दुसऱ्या दिवशी चढावा लागतो, हे मनाशी धरूनच खाली जावे. एक रात्र राहणार असाल तरच हा फाटा परवडतो. ऑलिम्पोसचे अवशेष ओढ्याकाठच्या गर्द झाडीत आहेत. चिरालीजवळच्या यानार्ताशला डोंगरातून झिरपणारा वायू शतकानुशतके जळतो आहे. तेथे संध्याकाळी पायी, हातात विजेरी घेऊन जावे.

शेवटच्या टप्प्यात फासेलिसला अर्धा दिवस द्यावा. तीन नैसर्गिक बंदरे, त्यांना जोडणारा फरसबंद राजरस्ता, त्यावर पाइनची सावली, आणि सायकलच्या कपड्यांतच पाण्यात उतरता येईल असा किनारा! येथे इसवी सन पूर्व 334-333 च्या हिवाळ्यात अलेक्झांडर थांबला होता.

केमेरच्या पुढे रस्ता रुंद होतो, ट्रक वाढतात आणि बोगदे सुरू होतात. हे शेवटचे 40-45 किलोमीटर सायकलवरून करण्यात मला काही हशील दिसत नाही. केमेरच्या बसस्थानकावरून अंताल्याची बस धरावी. चढण्यापूर्वी चालकाला विचारून, पुढचे चाक काढून, साखळीची बाजू वर ठेवून सायकल सामानाच्या कप्प्यात आडवी ठेवावी. विमानासाठी लागणारा पुठ्ठ्याचा खोका अंताल्यातील सायकलच्या दुकानात एक दिवस आधी सांगून ठेवल्यास मिळण्याची शक्यता अधिक.