माळावरचा समतल चर: कुदळ मारण्याआधी रेघ मारा

माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात पाऊस कमी, पण येतो तो झोडपून येतो. एप्रिल-मेचा वळीव असो की सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा, तासाभरात माळ धुऊन निघतो आणि संध्याकाळपर्यंत ओढा पुन्हा कोरडा. पाणी फाउंडेशनच्या गावांमधल्या जलसंधारण स्पर्धेत, म्हणजे २०१६च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं आणि सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच उंचीच्या रेघेनं आडवा खोदलेला चर, सीसीटी, हा शब्द इकडं घरोघरी झाला. चर खोदायला माणसं मिळतात. काम बिघडतं ते रेघेत. रेघ समतल नसेल तर पाणी अडवायला खोदलेला चर पाणी पळवणारा पाट होतो आणि माळाला नवी घळ पाडतो.

आधी जागा ठरवा. मुरमाड, हलका, उतरता माळ या कामाला योग्य. काळ्या भेगाळणाऱ्या रानात चर नको, तिथं बांधबंदिस्तीच बरी. उतार ३३ टक्क्यांच्या वर असेल तर हात लावू नका. ओल्या भरावासकट कड खाली येते. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि वनखात्याची जमीन असेल तर त्यांची परवानगी फक्की, म्हणजे रेघेची पांढरी भुकटी, टाकण्याआधी घ्या.

हायड्रोमार्कर आणि रेघ

हायड्रोमार्कर म्हणजे दोन जागांची पातळी ताडून बघायचं साधं साधन: पाच फुटी दोन सरळ लाकडी पट्ट्या, त्यांवर तळापासून सेंटिमीटरच्या खुणा आणि दोन्हींना बांधलेली १२ ते १५ मीटर पारदर्शक नळी. एवढंच साहित्य. नळी भरताना तांब्यानं पाणी ओतू नका, बुडबुडे अडकतात. बादली उंचावर ठेवा, नळीचं एक टोक तिच्यात बुडवा, दुसऱ्या टोकाला तोंडानं ओढून पाणी सुरू करा आणि बुडबुडे संपेपर्यंत वाहू द्या. पट्ट्यांवर पाणी साधारण मीटरभर उंचीवर दिसेल इतकं ठेवा. थेंबभर शाई टाकली की उन्हात आकडा नीट दिसतो. मग दोन्ही पट्ट्या एकाच फरशीवर शेजारी उभ्या करा. आकडे सारखे आले तरच डोंगर चढा.

उतार मोजायला एकानं वर थांबायचं आणि दुसऱ्यानं सरळ १० मीटर खाली जायचं. दोन आकड्यांत ८० सेंटिमीटर फरक आला तर उतार ८ टक्के.

रेघेसाठी मागचा माणूस पक्क्या खुणेवर उभा राहतो, पुढचा चार-पाच मीटरवर. दोघांच्या नळीची तोंडं उघडी हवीत. अंगठा तोंडावर राहिला की पाणी जागचं हलत नाही, आकडा मात्र खरा वाटतो. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. काम असं चालतं:

“आण्णा, माझ्याकडं १०४.”
“इकडं ९८. वर सरक जरा.”

पुढच्याचा आकडा मोठा म्हणजे त्याची जमीन खाली, म्हणून त्यानं चढाकडं सरकायचं. सरकताना त्याचा आकडा उतरतो, मागच्याचा चढतो आणि दोघं १०१ वर भेटतात. दोन आकड्यांची बेरीज कायम तेवढीच राहते, इथं २०२. बेरीज कमी झाली तर पाणी सांडलं किंवा नळी कुठंतरी पिळली असं समजा आणि थांबून बघा. पट्टी भुसभुशीत मातीत रुतली तरी आकडा चुकतो, त्यामुळं पायानं जागा दाबून मगच टेकवा. आकडे जुळले की पुढच्याच्या पायाशी दगड ठेवायचा, मागचा त्या दगडावर येतो, पुढचा पुढं. दगड जोडत फक्की टाकायची.

ही रेघ सरळ येणारच नाही. माळ जसा वळेल तशी ती वळते आणि ओघळीपाशी तर वरच्या अंगाला आत शिरते. दिसायला बरी दिसावी म्हणून ती ताणून सरळ करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तो आवरा. मध्ये खडक आला म्हणून रेघ खाली उतरवू नका. तेवढा तुकडा सोडा, किंवा त्याच रेघेवर दगडांची ताल रचा.

अंतर किती?

दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, म्हणजे ६० बाय ३० सेंटिमीटरचा चर एका मीटरला १८० लिटर पाणी धरतो. एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि कठीण माळावरून त्यातला निम्मा वाहिला असं धरलं, तर दर चौरस मीटरमागं २५ लिटर खाली येतात. १८० ला २५ नं भागा: ७ मीटर. दोन रेघांत तेवढं अंतर ठेवा. काम लवकर उरकायचं म्हणून १० मीटर ठेवलं तर ३६ मिलिमीटरलाच चर भरून वाहू लागतो.

सात मीटरनं, मध्ये सोडायच्या जागा वजा जाता, एका हेक्टरात साधारण १,३०० मीटर चर बसतो. एकदा भरला की २ लाख ३४ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या २३ खेपा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाला हा हिशेब वेगळा समजावावा लागत नाही.

खोदाई

माथ्यापासून सुरुवात करा. खालची रेघ आधी खोदली आणि मध्येच वळीव आला तर वरचा सगळा गाळ तिच्यात बसतो, मेहनत दुप्पट.

नावात ‘सलग’ असलं तरी चर एकसलग लांबवू नका. २० मीटर खोदा, २ मीटर जागा सोडा, पुन्हा २० मीटर. खालच्या रेघेत हे सोडलेलं अंतर वरच्या चराच्या मध्यासमोर आलं पाहिजे, नाहीतर सगळ्या मोकळ्या जागा एका ओळीत येतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. थोडीफार चूक प्रत्येक रेघेत असतेच. २० मीटरला १० सेंटिमीटर उतार राहिला तर एका टोकाला पाणी कमी साठेल, एवढंच. पण तोच चर २०० मीटर सलग असेल तर उतार एक मीटर होतो, सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि तिथं भराव फुटतो.

खोली नेहमी खालच्या कडेपासून मोजा. आठ टक्के उतारावर दोन फुटांच्या रुंदीत वरची कड पाच सेंटिमीटर उंच असते. तिथून फूट मोजला तर खरी खोली २५ सेंटिमीटरच भरते आणि सहावा हिस्सा पाणी गेलं. मजुरांच्या हातात एक फुटाची काठी द्या, पण ती कुठं टेकवायची हे दाखवूनच.

माती खालच्या अंगाला टाका, चराच्या कडेपासून एक फूट सोडून. कडेलाच ढीग केला तर पहिल्याच पावसात तो चरात उतरतो. वरची चार बोटं माती वेगळी काढा आणि शेवटी भरावाच्या डोक्यावर पसरा, बी तिथं रुजतं. भराव पायानं तुडवून घ्या.

ओघळीत चर खोदायचा नाही. दोन्ही बाजूंना दोन-तीन मीटर आधीच थांबा. ओघळीत अनघड दगडी बांध घाला, काठात फूटभर घुसवलेला आणि मध्ये खोलगट. मध्यभाग उंच ठेवला तर पाणी काठ पोखरून बाजूनं निघतं.

पावसानंतर

पहिली मोठी सर ओसरली की फावडी घेऊन लगेच माळावर जा. पाणी साठलेलं असतानाच चुका उघड्या दिसतात. एका टोकाला तुंबलं असेल तिथं मध्ये मातीचा आडवा दांडा ठेवा, भराव भिजून खचला असेल तिथं दगड लावा.

भरावावर मारवेल आणि स्टायलो या चाऱ्याचं बी टाका, करंज आणि कडुनिंब टोका. कडुनिंबाचं बी मात्र त्याच हंगामातलं ताजं घ्या, गेल्या वर्षीचं उगवत नाही. मेंढरांचं आधीच बोलून ठेवा. माणदेशात, जतमध्ये माळ बंद करणं म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय, म्हणून एक अंग चराईला मोकळं ठेवा आणि बंद भागातलं गवत कापून न्यायची मुभा द्या. नुसत्या पाटीवर लिहिलेली चराईबंदी दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

चरातला गाळ दर उन्हाळ्यात काढून त्याच भरावावर चढवा. आणि फक्कीच्या वेळी ठेवलेले दगड उचलू नका. चर अर्धा बुजला की मूळ रेघ कुठून गेली होती हे त्यांच्यावरूनच सापडतं.