टीचरला ख्रिसमसला काय द्यायचं? दीडशेच्या आत, आणि खरंच कामाला येईल असं

कॉफी मग देऊ नका. ‘बेस्ट टीचर’ लिहिलेला तर मुळीच नको. मी नागपुरातल्या एका कॉन्व्हेंटमधून निवृत्त झाले, सगळी नोकरी पहिली ते चौथीच्या वर्गांवर गेली. आमच्याकडे अजूनही कोणी आलं की चहा त्याच मगांतून मिळतो. जे उरलेत त्यांत पेनं, टूथब्रश, रांगोळीच्या डब्यातले चमचे असं काय काय उभं असतं. देणाऱ्या प्रत्येक आईला वाटतं, आपला मग वेगळा आहे. टीचरच्या टेबलावर मात्र तो आणखी एक असतो.

आता नातू शाळेत जातो, म्हणून डिसेंबर लागला की सूनबाई विचारते, शेजारणी विचारतात, वर्गातल्या मुलांच्या आयाही फोन करतात. सगळ्यांना तेच सांगते, ते इथे एकदाच लिहून टाकते.

आधी टीचरच्या बाजूने विचार करा. वर्गात चाळीस-पन्नास पोरं. शेवटच्या दिवशी पार्टी, सांताची टोपी, वेफर्स, गाणी, आणि त्या गोंधळात निम्मी पोरं तरी काही ना काही हातात देतात. हे सगळं घेऊन ती बाई ॲक्टिव्हावर घरी जाणार. तोंडाला स्कार्फ, हातात ग्लोव्हज, पायाशी पिशवी, आणि विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडवलेले असले तर वळसा घालून. म्हणून माझी पहिली परीक्षा हीच: वस्तू डिकीत मावते का, आणि खड्ड्यातून गाडी गेली तर टिकते का? काचेची फ्रेम, भलंमोठं टेडी, मातीची कुंडी इथेच नापास.

दुसरी परीक्षा पैशाची. शंभर ते दीडशे, त्यापुढे जाऊ नका. परवडत असेल तरी नका. महागडी वस्तू हातात आली की टीचरला अवघडल्यासारखं होतं, आणि शेजारच्या बाकावरचं पोरगं आपल्या हातातलं कार्ड पाठीमागे लपवतं. हे लपवणं मी दरवर्षी बघायची. काही शाळा तर भेटवस्तू आणू नका असं सर्क्युलरच काढतात. तसं असेल तर निमूटपणे पाळा, फक्त कार्ड द्या. ‘आमचं एवढंसं घ्या ना मॅडम’ करून तिला पेचात टाकू नका.

तर काय द्यायचं?

माझी आवडती भेट म्हणजे घशाची पुडी. डिसेंबरात नागपूरची सकाळ बोचरी असते, हवा कोरडी, आणि टीचरला रोज पाच-सहा तास चाळीस पोरांच्या वरचा आवाज लावायचा असतो. शुक्रवारपर्यंत घसा बसतोच. एका छोट्या डबीत खडीसाखर, थोड्या लवंगा, थोडी वेलची आणि सुंठीचे दोन-चार तुकडे घाला. इतवारीत मस्कासाथकडे किराण्याच्या दुकानात हे सुटं मिळतं आणि घराजवळच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतं. गाडी मात्र नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. मेट्रोने अग्रसेन चौकाला उतरा आणि तिथून ऑटो करा. ज्येष्ठमधाच्या काड्याही घालता येतात, पण बेताने. ज्येष्ठमध जास्त खाल्लं तर रक्तदाब वाढतो, आणि पन्नाशीतल्या टीचरला बीपीची गोळी चालू असणं काही नवलाचं नाही. माहीत नसेल तर ज्येष्ठमध वगळा. शुगर आहे असं कानावर असेल तर खडीसाखरही वगळून लवंग-वेलची-सुंठच द्या. डबीवर मुलाच्या हाताने लिहून घ्या, ‘मिसच्या घशासाठी’. मला अशी डबी एकदाच मिळाली. दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये फिरली आणि संध्याकाळपर्यंत रिकामी झाली.

पेनं. हे ऐकून आया नाक मुरडतात, ‘पेन काय द्यायचं बाई?’ अहो, वह्या तपासणारीला विचारा. पण आंधळेपणाने घेऊ नका. मुलाची तपासलेली वही उघडा आणि बघा: टीचर लाल वापरते की हिरवं? पानाच्या मागे शाई उमटली आहे का? उमटली असेल तर बहुतेक जेल पेन आहे; कागदाला मागून बोट लावल्यावर रेघ उठलेली जाणवली तर बॉलपेन. तिला सवय असलेलंच पेन घ्या, त्याचा पाच-दहाचा पुडा घ्या, आणि तेवढ्याच पैशात रिफिल जास्त येत असतील तर रिफिल घ्या. महागडं, डबीत मखमलीवर झोपवलेलं एकच पेन कोणी वह्या तपासायला काढत नाही. जोडीला चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा दिलात तर उत्तम. सीताबर्डीच्या बाजारात फिरताना स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात हे होऊन जातं.

खडूवाला फळा असेल तर हँडक्रीमची छोटी ट्यूब. खडूची पूड आणि आपली थंडी मिळून बोटांना भेगा पडतात. फार वासाचं घेऊ नका.

आता संत्री. लोकांना वाटतं, नागपुरात कोणी कोणाला संत्री भेट देतं का! मी म्हणते, द्यावीतच. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या हंगामातली, संत्री ख्रिसमसच्या सुमारास बाजारात भरपूर असतात, आणि सहा चांगली निवडलेली संत्री कागदी पिशवीत, वर लाल रिबन, यापेक्षा नागपुरी ख्रिसमस कुठला? निवड तेवढी जमली पाहिजे. रंगावर जाऊ नका. देठाशी थोडं हिरवं असलं तरी आतून गोड निघतं. संत्रं तळहातावर घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड वाटलं पाहिजे. साल फार सुटलेली, दाबल्यावर आत पोकळी लागते असं फोफसं संत्रं घेऊ नका, फोडी कोरड्या निघतात. आणि एकेक हाताने निवडा. विकणाऱ्याने भराभर पिशवीत टाकलेली मान्य करू नका, भाऊ कितीही म्हणो, ‘सगळं एकच हाय बाई, काहून उलटंपालटं करून राहिल्या?’

घरात वेळ असेल तर त्याच संत्र्यांच्या सालींची कँडी करा. खर्च साखरेचाच, आणि करायला मूल मदतीला येतं. पाच-सहा संत्री कोमट पाण्यात चोळून धुवा, सोला, फोडी खाऊन टाका. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि आतलं पांढरं कमी, त्यामुळे काम लवकर होतं. सालीच्या बोटाच्या अर्ध्या जाडीच्या पट्ट्या कापा. पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि ते पाणी फेकून द्या. पुन्हा नवीन पाण्यात उकळा, पुन्हा फेका. एक पट्टी चावून बघा. कडू लागली तर तिसऱ्यांदा. मग उकळलेल्या साली मोजा: जितक्या वाट्या साली तितक्याच वाट्या साखर आणि त्याच्या निम्मं पाणी. मंद आचेवर साली काचेसारख्या पारदर्शक दिसेपर्यंत शिजवा. पाक अगदी आटत आला की गॅसजवळच उभ्या राहा, फोन घ्यायला जाऊ नका. जाळीवर सुट्या पसरा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत रात्रभरात बऱ्यापैकी वाळतात. चिकट वाटल्या तर आणखी एक दिवस ठेवा. शेवटी पिठीसाखरेत घोळवणं मुलाकडे द्या. गरम पाक आणि सुरी तेवढी लांब ठेवा. जॅमची बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करून भरा. बाटलीवर पदार्थाचं नाव आणि केल्याची तारीख लिहा.

केकचं काय? केक सगळेच देतात आणि टीचरच्या घरी चार प्लम केक एकावर एक रचलेले असतात. द्यायचाच असेल तर छोटा द्या आणि आधी चौकशी करा. आपल्याकडे मार्गशीर्ष बरेचदा याच दिवसांत येतो आणि त्या महिन्यात अंड्याला हात न लावणाऱ्या टीचर खूप असतात. म्हणून बिनअंड्याचा घ्या. टीचर स्वतः ख्रिश्चन असेल तर तिच्या घरी केक, कलकल, करंज्या आठवडाभर आधीपासून चालू असतात. सदर किंवा खलाशी लाइन या आपल्याकडच्या भागांत राहणारी असेल तर विचारूच नका. तिला केकपेक्षा संत्री किंवा पेनंच द्या, आणि कार्डावर सणाच्या शुभेच्छा नीट लिहा, कारण वर्गातल्या बाकी सगळ्यांसाठी ही सुट्टी आहे, तिच्यासाठी सण आहे.

वर्गशिक्षिका सिस्टर, म्हणजे नन, असेल तर तिच्यासाठी वैयक्तिक वस्तू घेऊ नका. त्यांनी गरिबीचं व्रत घेतलेलं असतं, मिळालेलं सगळं मठात सर्वांचं होतं. म्हणून वाटून खाता येईल असं द्या. अशा वेळी सहाऐवजी डझनभर संत्री.

देवाची मूर्ती किंवा फोटो, कुठल्याही धर्माचा, देऊ नका. ठेवायला जागा नसते आणि टाकायची छाती होत नाही. सेंट, लिपस्टिक, कपडे यांतही पडू नका. वर्गणी काढून एकच मोठी भेट देण्याची टूम आता फार आहे. मला ती आवडत नाही. ‘पन्नासच तर रुपये’ म्हणत सुरू होतं, ग्रुपवर कोणी दिले कोणी नाही याची यादी लागते, आणि ज्या आईला ते पन्नासही जड आहेत तिचं नाव सगळ्यांसमोर येतं. काढायचीच तर यादी टाकू नका आणि रक्कम ठरवू नका.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड गोष्ट: चिठ्ठी. वस्तूबरोबर ती हवीच, आणि ती तुम्ही सांगून लिहवलेली नको. ‘यू आर द बेस्ट टीचर’ अशी पन्नास कार्डं मी एका बैठकीत वाचली आहेत, एकही आठवत नाही. मुलाला बसवा आणि विचारा, मिस कशावर हसतात? तू रडलास तेव्हा त्यांनी काय केलं? त्यांनी शिकवलेलं काय तुला आता येतं? जे उत्तर येईल तेच त्याच्या शब्दांत लिहू द्या. दुसरीतल्या एका मुलाने मला लिहिलं होतं, ‘मिस तुम्ही श छान काढता. मी पण काढतो. माझा पडतो.’ खाली पाच वेळा श काढला होता आणि खरोखर पाचही पडत होते. ही चिठ्ठी माझ्या कपाटात आहे. म्हणून शुद्धलेखन दुरुस्त करू नका, पेन्सिलच्या ओळी आखून देऊ नका. मराठीत, इंग्रजीत, मिसळून, कसंही चालेल. मागच्या बाजूला मात्र तुम्ही स्वतः मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि साल लिहा. एकाच वर्गात तीन आर्यन असतात.

देण्याची वेळ: पार्टीच्या दिवशी नको, त्याच्या दोन-तीन दिवस आधी, शाळा भरायच्या आत किंवा सुटताना. मुलाच्या हातूनच द्या. वर नाव लिहिलेली साधी कागदी पिशवी पुरे. चकचकीत कागद आणि सेलोटेप नको, ते सोडवायला कात्री लागते आणि ती वर्गात सापडत नाही.

आणि वर्गाच्या आयाबाई. नर्सरी-केजीत तुमच्या मुलाची ओली चड्डी बदलणारी तीच असते आणि भेटींच्या दिवशी तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. टीचरसाठी दीडशे काढले असतील तर त्यातले पन्नास-साठ तिच्यासाठी ठेवा, थंडीचे मोजे किंवा अर्धा डझन संत्री. व्हॅनवाल्या काकांना वस्तू नको, पाकिटात रोख द्या, आणि महिन्याच्या भाड्यात धरू नका.