घरभराच्या पाण्याच्या फिल्टरचे हाउसिंग: निवड आणि निगा

भांडुप आणि पांजरापूर येथील केंद्रांत शुद्ध झालेले पाणी मुंबईतील बहुतेक इमारतींत आधी तळटाकीत साठते आणि तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. टाक्यांच्या तळाचा गाळ आणि जुन्या लोखंडी पाइपांचा गंज त्यात मिसळतो तो या प्रवासात, आणि घराच्या मुख्य पाइपवर बसवलेल्या फिल्टरने तेवढाच अडवायचा असतो. तलावांचे पाणी मुळातच सुफेन असल्यामुळे त्याला सॉफ्टनर लागत नाही. कार्बनचे कार्ट्रिजही (फिल्टरच्या आत घालायची, बदलता येणारी गाळणी) येथे घालू नये, कारण पाइपांतील पाण्याचे जंतूंपासून रक्षण करणारे क्लोरीन ते काढून घेते.

हाउसिंग, म्हणजे कार्ट्रिज ज्यात बसते ते झाकण आणि भांडे, निवडताना बहुतेक जण मायक्रॉनचा आकडा, म्हणजे गाळणी किती बारीक कण अडवते, ते विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न दाबाचा असावा. गच्चीवरील टाकीच्या पाण्याचा दाब केवळ उंचीतून येतो आणि 10 मीटर उंचीला तो साधारण 1 बार भरतो. त्यामुळे खालच्या मजल्यांवर चालून जाणारे 10 इंची, अरुंद हाउसिंग सर्वांत वरच्या मजल्यावर शॉवरची धार अगदी बारीक करून टाकते. तेथे साडेचार इंच व्यासाचे कार्ट्रिज घेणारे 20 इंची जम्बो हाउसिंग, 1 इंची तोंडे आणि 20 मायक्रॉनपेक्षा बारीक नसलेले कार्ट्रिज घ्यावे. पारदर्शक भांड्यात गाळ दिसतो हे खरे, पण उजेडात त्यात शेवाळ धरते. डक्टमध्ये किंवा बाल्कनीत अपारदर्शकच बरे.

बसवताना हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि त्याला वळसा घालणाऱ्या पाइपवर एक, असे तीन बॉल व्हॉल्व्ह प्लंबरकडून आग्रहाने लावून घ्यावेत, म्हणजे सफाईच्या वेळी घराचे पाणी तुटत नाही. भांडे खाली उतरवण्यापुरती मोकळी जागा ठेवावी. प्लॅस्टिकच्या आट्यांत टेफ्लॉन टेप पुरते. फिटिंग जोर लावून आवळल्यास तोंडाला चीर जाते.

प्रेशर गेज इतक्या कमी दाबावर फारसे उपयोगी पडत नाही. नवे कार्ट्रिज घातल्या दिवशी न्हाणीघरातील बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवावे आणि तो वेळ स्पष्टपणे वाढला की कार्ट्रिज बदलावे. पावसाळ्यात ही वेळ लवकर येऊ शकते.

बदलताना हाउसिंगच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून वरचे लाल बटण दाबावे, दाब सुटू द्यावा आणि मगच पाना लावावा. भांडे सौम्य साबणाने धुवावे. खरी काळजी ओ-रिंगची, म्हणजे झाकण आणि भांड्यामधून पाणी गळू न देणाऱ्या रबरी कड्याची, घ्यायची असते: ती काढून पुसावी, खाच स्वच्छ करावी, चपटी किंवा चिरलेली असल्यास बदलावी आणि तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. व्हॅसलिन लावू नये, त्याने काही रबरे फुगतात. भांडे हातानेच आवळावे; पाना उघडण्यासाठी असतो. त्यानंतर पाणी आत येते त्या बाजूचा व्हॉल्व्ह सावकाश उघडून बटणातून हवा काढावी, मग दुसरा व्हॉल्व्ह उघडावा आणि रात्रभर खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरून ठेवावे. सकाळी त्यावर ओला डाग दिसला तर भांडे आणखी न आवळता ओ-रिंग पुन्हा बसवावी. ओ-रिंगचे माप कंपनीगणिक वेगळे असल्याने हाउसिंग घेतानाच तिच्या दोन जादा रिंगा घेऊन ठेवाव्यात.