खंडेनवमीला बंदुकीचा फोटो काढताना

खंडेनवमीला हल्ली पूजेपेक्षा फोटोच जास्त वेळ चालतात. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात काकांची बाराबोरी दुनळी पाटावर येते, तेव्हा कॅमेरा माझ्याकडे असतो. बंदुकीला हात मात्र काकाच लावतात, कारण परवाना त्यांच्या नावावर आहे. "जरा धरू दे, एकच सेल्फी" म्हणणाऱ्या भाच्याला दरवर्षी नकार मिळतो.

आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग नळीचं तोंड कुठे असेल ते ठरवा. फ्लॅटमधल्या चार इंची भिंतीवर भरवसा ठेवू नका, पलीकडे शेजाऱ्यांचा हॉल असतो. आम्ही वाड्याच्या जाड दगडी भिंतीकडे तोंड करतो.

दुनळी उघडली की मागून पाहताना दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसायला हवा. काका बघतात, मग मी. फोटोही उघडीचाच काढतो. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, बघा. क्रम उलटला तर एक गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी आत जाते.

खरी फसवी ती ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक. आत राहिलेला जुना बार (ठासलेली दारू-गोळी) पन्नास वर्षांनीही उडू शकतो, आणि बाहेरून काही कळत नाही. आपला चेहरा नळीसमोरून बाजूला ठेवून, बोटांच्या टोकांनी गज (बार ठासायची काठी) नळीत टेकेपर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर पेन्सिलीची खूण करा. आता तोच गज नळीच्या बाहेरून लावा, खूण तोंडाशी धरून. टोक मागे टोपी (दारू पेटवणारी) बसते तिथवर पोचलं तर ठीक. अलीकडेच थांबलं तर आत बार आहे असंच समजा. तो घरी उकरू नका, बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारकाला तिथेच बोलवा.

समोरून नळीचा फोटो हवाच असेल तर मोबाइल स्टँडवर, दहा सेकंदांचा टायमर, आणि आपण बाजूला. चापावर बोट नको, पोजसाठीसुद्धा. फ्लॅशने लोखंड पांढरं पडतं. खिडकीवर पांढरी चादर टांगली की उजेड मऊ येतो. फोटो कुणाला पाठवण्याआधी बंदुकीचा नंबर झाका, लोकेशन बंद करा. हवेत बार काढून व्हिडिओ करणाऱ्यांनी 2019 ची कायदादुरुस्ती वाचावी: कुणाच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार केला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घामाचे ठसे राहिले की गंज चढतो, म्हणून काका तेलाच्या फडक्याने नळी पुसतात. तोवर काकू काडतुसं मोजते. सकाळी पंचवीस होती, आताही पंचवीस. मग नैवेद्य.