करारात दोघं, जिन्यात चपला चौघांच्या

आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. वरच्या खोलीत दोन पोरं भाड्यानं ठेवलेली, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला. टाकी दोघांना पुरून उरायची, ती तिसऱ्याच दिवशी खडखडाट करायला लागली. जिन्यातल्या चपला मोजल्या, चार जोड. दोरीवर टॉवेल सहा, पण टॉवेलाच्या गावात तो पुरावा धरत नाही.

आधी पाहुणा की मुक्कामी, हे ठरवा. गड्ड्याच्या यात्रेला आलेला मामेभाऊ चार दिवसांत जातो, त्यावरून भांडू नये. गादी आली, पार्सलं त्याच्या नावानं यायला लागली, की समजायचं. मी तारखा वहीत लिहिल्या.

किल्ली आपल्याकडं असली तरी न विचारता आत शिरू नका. भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे आधी कळवून, योग्य वेळी जागा पाहता येते. मी व्हॉट्सॲपवर कळवलं, ‘रविवारी दहाला खोली बघायला येते’, आणि शेजारच्या वहिनींना सोबत नेलं. तिथं तिसऱ्या पोरानं दोन हजार पुढं केले. “मावशी, माझा हिस्सा.” हात पुढं गेलाच होता माझा! घेऊ नका. उद्या तोच म्हणेल, मालकिणीनं मला भाडेकरू मानलंय. भाडं करारातल्या माणसाकडूनच, तेही खात्यावर.

मग करार काढा. कोण राहणार त्यांची नावं आणि पोटभाडेकरू न ठेवण्याची अट त्यात हवी. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोटरीवर भागवलंत तर चूक आहे, नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेणं मालकाच्या अंगावर. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरतात, खोटं पाडायचं काम आपलं.

समोरासमोर बोलून तारीख द्या. ऐकलं नाही तर वकिलाकडून लेखी नोटीस, पोचपावतीसह, करारातल्या माणसाच्या नावानं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराची, मुदत संपूनही घर सोडत नसतील तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे याच कामासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांचं दुप्पट शुल्क मागता येतं. साधा भाडेकरार असेल तर बेकायदा पोटभाडेकरू हे घर खाली करून घेण्याचं कारण ठरतं, पण त्यासाठी कोर्टात दावा लावावा लागतो. मूळ भाडेकरू निघून गेला आणि भलताच आत बसलाय, तर दिवस न घालवता पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

आमचे धाकटे दीर म्हणाले, “नळ बंद करा वहिनी, दोन दिवसांत पळतील.” आपल्या गावात हा उपाय सगळ्यांना पहिला सुचतो. पण पाणी-वीज तोडणं त्याच कायद्यानं गुन्हा आहे. कुलूप बदललं तर बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत कोर्टात जाऊन ताबा परत मागू शकतो, घर आपल्या नावावर असलं तरी.

आमच्याकडचा चौथा पोरगा आठवडाभरात गेला. तिसऱ्याचं नाव घालून करार नवा नोंदवला, आधारची प्रत घेतली, पोलीस ठाण्यात माहिती दिली, भाडं हजारानं वाढवलं. टाकी आता चौथ्या दिवशी दुपारपर्यंत पुरते, आंघोळी बादलीनं केल्या तर.