तोंडा-गळ्याचे शेक चालू असताना घरी काय करावं

कॅन्सरच्या रेडिएशनला आपल्याकडे कोणी ‘शेक’ म्हणतं, कोणी ‘लाईट’. तंबाखू, गुटखा आणि मिसरीमुळे मराठवाड्यात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण भरपूर. जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून ते छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येतात. शेक साधारण 30 ते 35, आठवड्याचे 5 दिवस, म्हणजे 6 ते 7 आठवडे. मशीनखाली काही मिनिटंच झोपायचं असतं, दुखत काहीच नाही. पहिले दोन आठवडे त्रासही फारसा जाणवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, गिळताना घशात आग होते, आणि नेमकं तेव्हाच बरेच जण “थोडं बरं वाटलं की येऊ” म्हणून गावी परततात. हे फार घातक आहे. मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात आणि आधीच्या शेकांचा फायदा कमी होतो. खाली सांगितलेलं सगळं एकाच गोष्टीसाठी आहे: एकही शेक चुकू नये.

1. सुरू होण्याआधी दात दाखवा. किडलेला, हलणारा दात काढायचा असेल तर आधीच काढून घ्या, कारण जखम भरायला साधारण 2 आठवडे लागतात. तंबाखू आणि मिसरी त्याच दिवशी बंद. चालू ठेवली तर तोंड जास्त सोलतं आणि उपचारही कमी लागू पडतो.

2. गुळण्या. एक लिटर पाणी उकळून थंड करा. त्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घाला. बाटलीत भरून जवळ ठेवा, रोज नवीन बनवा. जागेपणी दर दोन तासांनी, शिवाय खाण्याआधी आणि खाल्ल्यावर, घोट तोंडात अर्धा मिनिट खेळवून थुंकून टाका. पहिल्या शेकापासूनच सुरुवात करा, तोंड येण्याची वाट पाहू नका. बाजारातलं झणझणीत माउथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलने आग वाढते. ब्रश लहान मुलांचा, मऊ घ्या. जिभेवर किंवा गालात दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर ती बहुधा बुरशी असते. ती नुसत्या गुळण्यांनी जात नाही, औषध लागतं.

3. खाणं. खरी लढाई इथे आहे. भाकरी, ठेचा, येसर, लिंबू, कढत चहा काही दिवस बाजूला ठेवा. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून दुधात कालवा, वरून चमचाभर तूप सोडा. मुगाचं गाळलेलं वरण, मऊ खिचडी, अर्धवट न ठेवता पूर्ण शिजवलेलं अंडं कुस्करून, केळं दुधात घोटून, असं काहीतरी कोमट किंवा गार, दिवसातून 6-7 वेळा वाटीवाटीने द्या. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. वेदनेची गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली तर गिळणं सोपं जातं. तोंड सुन्न करणारं औषध दिलं असेल तर घास लहान घ्या, कारण सुन्न घशात ठसका लागतो आणि चटका कळत नाही.

दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. वजन उतरलं की चेहऱ्याचा मास्क (शेक घेताना डोकं हलू नये म्हणून मापाने बनवलेला साचा) ढिला होतो, आणि मग किरणांचा नेम चुकू शकतो. मास्क सैल वाटला तर तिथल्या टेक्निशियनला त्याच दिवशी सांगा. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायला सुचवलं तर घाबरू नका. ती पोटात अन्न जाऊन शेक चालू राहावेत म्हणून असते, आणि गिळणं सुधारलं की निघते.

4. मानेची कातडी. ती आधी लाल, मग काळपट होते, कधी सोलून ओलसर होते. कोमट पाणी नुसतं ओता, घासू नका, मऊ सुती कापडाने टिपून घ्या. हळद, टूथपेस्ट, बाम, पावडर काही लावू नका. मलम डॉक्टरांनी दिलेलंच. त्या जागी दाढी ब्लेडने करू नका. आपल्याकडचं ऊन कडक, म्हणून बाहेर पडताना मऊ सुती उपरणं सैल घ्या. कडक कॉलरचा शर्ट आणि गळ्यातली माळ घासते, ती काढून ठेवा.

5. जबड्याचा व्यायाम. शेकांनी जबड्याचे स्नायू आखडतात. आईस्क्रीमच्या स्वच्छ काड्या एकावर एक रचून पुढच्या दातांमध्ये धरा, ताण जाणवेल इतक्याच. अर्धा मिनिट धरून सोडा, असं 5 वेळा, दिवसातून 3-4 वेळा. काड्या मोजा. संख्या घटायला लागली तर डॉक्टरांना लगेच दाखवा. हे पुढे काही महिने चालू ठेवायचं.

त्याच दिवशी दवाखान्यात जा: ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर, पाणीसुद्धा गिळता येत नाही, तोंडातून रक्त, श्वास घेताना आवाज, लघवी फार कमी. सोबत केमो चालू असेल तर तापाला एक रात्रही थांबू नका.

घरातल्या लेकरांना रुग्णापासून दूर ठेवायचं कारण नाही. बाहेरून दिलेल्या शेकांनी अंगात किरणं राहत नाहीत.

शेवटच्या शेकानंतर पहिले एक-दोन आठवडे त्रास उलट वाढलेला वाटतो, म्हणून गुळण्या आणि औषधं तशीच चालू ठेवा. चव परतायला काही महिने लागतात, तोंडाचा कोरडेपणा मात्र बराच काळ राहू शकतो. पाण्याची बाटली सोबत असू द्या. आणि पुढे कधीही, अगदी दहा वर्षांनीही, दात दुखला तर दंतवैद्याला आधी सांगा की जबड्याला शेक दिले आहेत, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू देऊ नका. शेक बसलेल्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, जखम भरत नाही आणि जबड्याचं हाड सडू शकतं.